पानं वाढण्याआधीचा घोट: व्हाइट वाइन चाखायची घरगुती रीत

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी सहा वर्षं टेस्टिंगच्या काउंटरमागे उभी होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून माणसं यायची. समोर ग्लास मांडले की मी म्हणायचे, ‘आता वास घ्या. काय आठवतंय?’ की सगळे एकदम गप्प. तोंडी परीक्षेला बसल्यासारखे एकमेकांकडे बघायचे. मग एखादा धीर करून म्हणायचा, ‘फ्रूटी.’ बाकीचे माना डोलवायचे आणि सुटल्यासारखे घोट घ्यायचे.

या गप्प बसण्याचं कारण मला घरी कळलं, सासूबाईंमुळे. आई वाइन पीत नाहीत, पिणारही नाहीत. एकदा मी सॉव्हिन्यॉन ब्लाँ या व्हाइट वाइनची उरलेली बाटली घरी आणली होती. त्या ओट्याशी भाजी निवडत होत्या, मी ग्लास नाकाशी धरून उभी. ‘बघू गं,’ म्हणून त्यांनी ग्लास घेतला, एकदाच हुंगला आणि म्हणाल्या, ‘ही तर ढोबळी मिरची चिरल्यासारखी. देठाजवळची.’ ग्लास माझ्या हातात देऊन त्या पुन्हा मेथीकडे वळल्या.

नोकरी लागली तेव्हा हेच मी पाठ केलं होतं. सॉव्हिन्यॉनच्या द्राक्षात पायराझिन नावाची द्रव्यं असतात, तीच ढोबळ्या मिरचीतही असतात, म्हणून वास जुळतो. आईंना पायराझिन माहीत नव्हतं, पण पन्नास वर्षं मिरच्या चिरलेलं नाक होतं. काउंटरपलीकडच्या माणसांकडेही ते असतंच. फक्त त्यांना वाटतं की वाइनसाठी काहीतरी फ्रेंच आठवायला हवं. गूसबेरी हे विलायती फळ न पाहिलेल्या माणसानं गूसबेरी कशी ओळखायची? पेरू म्हणा, पपनस म्हणा, गवती चहा म्हणा. चालतं.

आता घरी हे कसं करायचं ते सांगते. आमची सात जणींची भिशी आहे, दोन वर्षांपूर्वी तिच्यात हा उद्योग सुरू झाला. ७५० मिलीची एक बाटली, प्रत्येकीला साधारण १०० मिली, सोबत ज्या घरी भिशी असेल तिचं खाणं. महाराष्ट्रात वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात. आमच्यातली सर्वांत धाकटी ४३ची आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. परतताना गाडी चालवणारी फक्त वास घेते, हा मात्र पक्का नियम आहे.

पहिल्यांदा बाटली कोणती घ्यायची? माझं मत विचाराल तर नाशिकची शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ, या दोनच. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली तीही याच दोन द्राक्षांची. दोन्ही मूळच्या फ्रान्समधल्या, ल्वार नदीच्या काठच्या. शेनिन पुढे दक्षिण आफ्रिकेत गेली, तिथे तिला स्टीन म्हणतात. आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, कोरड्या हिवाळ्यात पिकते. फ्रान्समध्ये काढणी सप्टेंबरच्या सुमारास, आपल्याकडे पावसाळा संपल्यावर छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. थॉम्पसनचे घड खाण्यासाठी उतरवतात त्यापेक्षा ही द्राक्षं जास्त साखर भरेपर्यंत वेलीवर ठेवतात. दाणा लहान, आत बी, साल जाड. आमच्या दिंडोरीच्या भाच्यानं पहिल्या वर्षी घरच्यांना खायला दिली तर सगळ्यांनी थुंकली.

दुकानात बाटलीवरचं वर्ष बघा. या दोन वाइन ताज्या प्यायच्या असतात. जितकं अलीकडचं वर्ष तितकं बरं. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे सगळ्या वाइनना लागू नाही, आणि हजाराच्या आतल्या व्हाइटला तर नाहीच. दुसरं, बाटली दुकानात कुठे उभी होती ते बघा. एकदा मी घाईत, काचेच्या शोकेसमधली, दुपारचं ऊन खाल्लेली बाटली उचलली होती. घरी उघडली तर रंग चहाच्या पाण्यासारखा आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा, तोही संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या. बिल होतं, पण त्यांनी परत घेतली नाही. तेव्हापासून मी आतल्या, सावलीतल्या फळीवरचीच मागते. स्क्रूच्या झाकणाला नाक मुरडू नका. ताज्या व्हाइटला तेच उत्तम, बुचाचा कुबट वास लागायची भीती नाही.

थंड किती करायची यावर आमच्याकडे भांडणं होतात. माझे यजमान बाटली बर्फासारखी मागतात. त्यांना मी आमरसाचं उदाहरण दिलं. फ्रिजमधून काढल्या काढल्या वाढलेला रस जिभेला गार लागतो, पण हापूसचा वास कुठे असतो? दहा मिनिटं बाहेर राहिला की वाटी भरून वास येतो. वाइनचंही तसंच. तीन तास फ्रिजमध्ये, आणि ओतायच्या आधी दहा मिनिटं बाहेर. म्हणजे ८ ते १० अंशांच्या आसपास येते. पाहुणे दारात आणि बाटली कपाटात असली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात ठेवू नका. पाणी असलं की बाटलीला सगळीकडून गारवा लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू मात्र नका. मी विसरले होते. सकाळी मटारच्या पिशव्यांवर काचा आणि पिवळट बर्फ, आणि आईंचा चेहरा.

ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असला की वास आत धरला जातो. नसेल तर पाण्याचा साधा काचेचा ग्लास घ्या, पण स्टीलचा नको. ग्लास आधी हुंगून बघा. आमच्याकडे एकदा सगळ्या वाइनला लिंबाचा वास येत होता आणि सगळ्या खूश होत्या. नंतर कळलं की तो भांड्यांच्या साबणाचा होता. गरम पाण्यानं नुसते विसळा आणि उलटे ठेवा. त्या संध्याकाळी देवापाशी उदबत्ती लवकर लावून घ्या, मोगऱ्याचा गजरा घालायचाच असेल तर वाइननंतर घाला, आणि लसणाची फोडणी पाहुणे यायच्या आधी उरकून टाका.

ग्लासात दोन-तीन बोटं वाइन ओता, जास्त नको, फिरवायला जागा हवी. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून बघा. फिकट आणि कडेला किंचित हिरवी झाक असेल तर तरुण वाइन. गवताच्या काडीसारखा पिवळा म्हणजेही ठीक. सोनेरी असेल तर ती लाकडी पिंपात राहिलेली, उशिरा काढलेल्या द्राक्षांची किंवा वय झालेली. तपकिरीकडे झुकली तर शंका घ्या. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे असतात ते, गारठ्यानं तळाशी बसतात. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांबद्दल लोक बरंच बोलतात. त्यावरून अल्कोहोलचा थोडाफार अंदाज येतो, चांगल्या-वाईटाचा काही येत नाही. पुढे चला.

वास दोनदा घ्यायचा. पहिल्यांदा ग्लास न हलवता. मग ग्लास टेबलावरच ठेवून, दांडी धरून लहान लहान गोल फिरवायचा. हवेत फिरवायला गेलात तर साडीवर येते, हे मी रोज बघितलंय. मग नाक आत घालून छोटे छोटे श्वास, कुत्रं हुंगतं तसे. एक लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं. आता स्वतःला फक्त एवढं विचारा: फळ की पाला? सॉव्हिन्यॉन बहुधा पाल्याकडे जाते: ढोबळी मिरची, गवती चहा, ओलं गवत, पपनसाची साल. शेनिन फळाकडे: पिकू घातलेला पेरू, नासपती, अननस, कधी मागून थोडा मध. चार शब्द आठवले की पुरे. आमच्या भिशीची एक वही आहे, त्यात कुणी ‘बाळाची पावडर’ लिहिलंय, कुणी ‘पहिल्या पावसाआधीचं अंगण’, तर एकीनं ‘आजोळचं कपाट’. कपाटाचं आम्हाला कुणालाच कळलं नाही, पण तिला ते प्रत्येक शेनिनमध्ये सापडतं, म्हणजे तिची खूण पक्की आहे.

मग घोट. औषधासारखा गिळायचा नाही. चमचाभर तोंडात घ्या, सगळ्या जिभेवरून आणि गालांच्या आतून फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. सुर्र आवाज होतो, होऊ द्या. बशीतून चहा पिणाऱ्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. गिळल्यावर दोन गोष्टी बघा. जबड्याच्या कोपऱ्यांतून पाणी सुटलं का? चिंच आठवून सुटतं तसं? तो आंबटपणा. व्हाइट वाइनचा कणा तोच. दुसरं, तोंडात ती अंगानं कशी वाटली? गाईचं दूध आणि म्हशीचं दूध यांत जो फरक, तोच इथेही असतो. सॉव्हिन्यॉन गाईच्या बाजूची, लाकडी पिंपातली शार्डोने ही दुसरी व्हाइट म्हशीच्या.

गोडव्याच्या बाबतीत नाक फसवतं. अननसाचा वास आला की डोकं म्हणतं गोड, आणि साखर असते नावालाच. खरं करायचं असेल तर चिमटीत नाक दाबून घोट घ्या. आता जी गोडी जिभेला लागते ती खरी साखर. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते, सॉव्हिन्यॉनमध्ये सहसा नाही. पुढे जेवणाशी जोडताना हाच फरक कामाला येतो.

वायनरीत काउंटरवर थुंकायचं भांडं असायचं. चाखणाऱ्यांचा तो नेहमीचा रिवाज, दिवसाला चाळीस वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल? पण आपल्या लोकांना थुंकणं म्हणजे पानाची पिचकारीच आठवते. सहा वर्षांत ते भांडं वापरणारे पाहुणे मी बोटांवर मोजले.

आता खाण्याचं. इथे पुस्तकं बाजूला ठेवा आणि एक बशी घ्या. तिच्यात लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा आणि हिरव्या मिरचीचा छोटा तुकडा. आधी वाइनचा घोट. मग लिंबू चाटा, पुन्हा घोट. मघाची आंबट वाइन एकदम मऊ, गोडसर लागेल. मीठ चाटून घोट घ्या: वाइन आणखी गोल होईल. गूळ खाऊन घोट घ्या: तीच वाइन पाणीदार आणि करकरीत आंबट, जणू बिनसाखरेचं सरबत. शेवटी मिरची. जिभेवर तिखट असताना अल्कोहोल आणखी जाळतं. मिरचीनंतर वाइन म्हणजे आगीत तेल. दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि साधी पोळी. पंधरा मिनिटांचा हा खेळ एकदा केलात की पुढचं मी न सांगताही कळेल: आंबट आणि खारट पदार्थ वाइनचे मित्र, गोड आणि तिखट वैरी. तिखटाला उतारा थोडा गोडवा, म्हणून शेनिन.

आपली खरी अडचण मात्र पदार्थांपेक्षा ताटाची आहे. फ्रेंच माणूस एका वेळी एक पदार्थ खातो. ल्वारकाठच्या सान्सेर गावची सॉव्हिन्यॉन आणि त्याच गावांकडचं बकरीच्या दुधाचं चीज, एवढंच पुढ्यात. आपल्या पानात डावीकडे लोणचं, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये वरणभात, आणि सणावाराला गोडही पहिल्या घासापासून. एका घासाला आंबट, पुढच्याला तिखट, त्यापुढे गोड. बिचारी वाइन कुणाकुणाशी जुळवून घेणार? भरल्या पानाबरोबर मी वाइन देतच नाही. पानं घ्यायच्या आधी, बैठकीत, एक-दोन पदार्थांबरोबर द्या. ग्लास रिकामे झाले की मग जेवायला बसा आणि ताक द्या.

आमच्या भिशीत सर्वांत जमलेली जोडी म्हणजे कोथिंबीर वडी आणि सॉव्हिन्यॉन. पाल्याला पाला मिळतो, वाइनचा आंबटपणा तळणीचं तेल कापून काढतो, आणि पुढची वडी पहिल्या वडीइतकीच ताजी लागते. वडी करताना हिरवी मिरची नेहमीच्या निम्मी घाला आणि तीळ सढळ. अळूवडीला मात्र हीच वाइन घेतली तर पंचाईत: आतल्या चिंच-गुळातला गूळ सॉव्हिन्यॉनला उघडी पाडतो. तिथे शेनिन. दिवाळीनंतर ताजे मटार आले की मटार करंजीलाही शेनिनच. मटारची गोडी, वरून पिळलेलं लिंबू आणि थंडी, तिन्ही तिच्या बाजूनं.

मासे खात असाल तर तुमची चैन आहे. रव्यातले कुरकुरीत बोंबील, वर लिंबू, आणि थंड सॉव्हिन्यॉन. मी सांगायची गरज नाही. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याला खोबरं भरपूर असतं, त्याला अंगानं भरलेली वाइन लागते: शेनिन, किंवा खर्च करायचा असेल तर पिंपातली शार्डोने. माशांबरोबर रेड का घेऊ नये, असं लोक विचारायचे. रेडमध्ये लोह जास्त असलं की माशाचा हिमूस वास वाढतो आणि तोंडात मागे राहतो. लिंबू पिळून आपण तोच वास मारतो. व्हाइट वाइन इथे लिंबाची जागा घेते, एवढंच.

सगळ्यांत अनपेक्षित जोडी नाशिकच्या चिवड्याची. खारट, तळलेला, वर बारीक कांदा आणि लिंबू. घाईच्या दिवशी मी हेच करते, आणि पाहुणे कोथिंबीर वडीइतकेच खूश असतात.

फसलेले प्रयोगही सांगते. मिसळ. नाशिकची असून मिसळीबरोबर वाइन लावायचा हट्ट मीच केला होता. रश्श्याच्या दुसऱ्या चमच्याला सातही जणी पाण्याकडे धावल्या. ठेचा-भाकरीचं तेच. सोलकढी बाजूला ठेवा, कोकम वाइनपेक्षा आंबट, त्यामुळे वाइन सपाट होते आणि दोघींचं नुकसान. पुरणपोळीबरोबर साधी व्हाइट म्हणजे वर सांगितलेला गुळाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर. गोडाबरोबर द्यायचीच असेल तर वाइन गोडापेक्षा गोड हवी, म्हणजे उशिरा काढलेल्या शेनिनची लेट हार्वेस्ट. ती श्रीखंडाला बरी जाते, पण घोटभरच. आणि एका भिशीला साबुदाणा वडा होता, त्यावर प्रश्न आला की साबुदाणा चालतो तर उपवासाला वाइनही चालेल का, द्राक्षं फळच ना? आईंनी आतल्या खोलीतून ‘नाही’ म्हणून सांगितलं.

नवी जोडी पारखायची असेल तर घोट, घास, घोट या क्रमानं जा. दुसरा घोट पहिल्यापेक्षा चांगला लागला तर जमलं. वाईट लागला तर पदार्थावर लिंबू पिळून किंवा मीठ भुरभुरून पुन्हा बघा. निम्म्या वेळा तिथेच दुरुस्त होतं. नाही झालं तर आधी खाऊन घ्या, वाइन नंतर प्या. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, एकत्र यायलाच हव्यात असं कुठे आहे?

उरलेल्या बाटलीला झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दारात नको, दार सारखं हलतं. तीन दिवस चांगली राहते. चौथ्या दिवशी पेरू गेलेला असतो आणि नुसता आंबटपणा उरतो. ती मी फेकत नाही. तिसऱ्या उघडायला ठेवते तेव्हा पातेल्यात पाण्याऐवजी अर्धी वाटी तीच ओतते, वर चार ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, झाकण, चार मिनिटं. शिंपले उघडले की त्या पाण्यातच खोबरं घालते. आई तिसऱ्याही खात नाहीत, पण झाकण काढायच्या वेळी ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात.